खोटं आणि खोटं-खोटं

नाशिकच्या तपोवनात कपिला गोदावरीला मिळते तिथे, लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय असा रंगीत पुतळ्यांचा देखावा आहे. मागच्या थंडीत नातवाला घेऊन गेले होते. वय वर्षं सव्वाचार. सगळी मुलं माकडांच्या मागे लागली होती, हा मात्र पुतळ्यासमोरून हलेना.

"आजी, हिला दुखलं?"

"अरे, पुतळा आहे तो."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की बालवाडीत मीच आहे. "पुतळा आहे ते माहितीये मला. खऱ्या शूर्पणखेला दुखलं का?"

बावीस वर्षं बालवाडीत शिकवलं, पण या प्रश्नावर मी गप्प झाले. पुतळ्याला दुखत नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं. गोष्टीतल्या शूर्पणखेला दुखलं असणार, हेही तो जवळजवळ धरूनच चालला होता. अडलं होतं ते तिसऱ्याच ठिकाणी. ही गोष्ट खरोखर घडून गेलेली आहे का? हे पुतळ्याकडे कितीही टक लावून बघितलं तरी कळत नाही. ते कुणालातरी विचारावं लागतं, आणि जवळ मी होते.

आमच्या गावात मुलांना हे जरा जडच जातं. चिऊताईच्या मेणाच्या घराला पत्ता नाही. सीतेच्या गुंफेला आहे, तो कुठल्याही रिक्षावाल्याला माहीत आहे. आत वाकून, अंग चोरून उतरावं लागतं, आणि कोपर खरचटलं तर रक्त खरं येतं. बाहेर पंचवटीतल्या पाच वडांना चक्क नंबर दिलेले आहेत. शूर्पणखेची नासिका इथे कापली म्हणून नाशिक, असं नावाचं कारणही सांगतात. म्हणजे ज्या गावात मूल राहतं त्या गावाचं नावच गोष्टीतून आलेलं. मग गोष्ट कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होतं, हे त्याने कसं ठरवायचं?

बालवाडीत पालकांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "बाई, याला खरं-खोटं काही कळतच नाही हो." कुणाचं मूल दिसत नसलेल्या मैत्रिणीला ताट वाढायला लावायचं, कुणाचं अंधारात संडासला जायचं नाही, कुणी घरी सांगितलेलं असायचं की आज शाळेत हत्ती आला होता. या तिन्ही गोष्टी आपण एकाच पिशवीत घालतो आणि पिशवीवर लिहितो, 'कल्पना आणि वास्तव यांत गोंधळ'. खरं तर तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. त्यातल्या पहिलीत तर गोंधळ नसतोच.

आधी मुलांची भाषा ऐका. भातुकली मांडलेली असते आणि एक जण म्हणते, "मी आई असते, तू बाबा असतोस, आणि बाळाला ताप आलेला असतो." क्रियापदाकडे लक्ष गेलं? "मी आई आहे" असं कुणी म्हणत नाही. 'असते'. हे 'असणं' आजचं नाही, कालचं नाही, खेळ चालू आहे तेवढ्यापुरतंच आहे. हे व्याकरण कुठल्या बालवाडीत शिकवत नाहीत. मुलं एकमेकांकडून उचलतात आणि तीन-साडेतीनच्या सुमारास बिनचूक वापरू लागतात. गोष्टीचंही तसंच. "एक राजा होता" म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कुठला, नाव काय त्याचं? "एक होता राजा" म्हटलं की कुणी काही विचारत नाही. शब्द तेच, फक्त 'होता' पुढे सरकला, आणि आपण दुसऱ्या प्रदेशात गेलो हे तीन वर्षांच्या मुलालाही समजतं.

आणि सगळ्यात गोड जोडशब्द म्हणजे 'खोटं-खोटं'. 'खोटं' बोललं की धपाटा मिळतो. 'खोटं-खोटं' केलं की कौतुक होतं. "खोटारडा" म्हटल्यावर रडून गोंधळ घालणारं मूल दुसऱ्या मिनिटाला अभिमानाने सांगतं, "हा खोटा-खोटा चहा आहे, फुंकर मारून पी." पहिल्यात समोरच्याला फसवायचं असतं, दुसऱ्यात त्याला सामील करून घ्यायचं असतं. हा फरक मुलाला कळत नसता, तर त्याने तो शब्द वापरलाच नसता.

संशोधकांनी हेच आपल्या पद्धतीने तपासलं आहे. रिकामी वाटी तोंडाला लावून मिटक्या मारणं साधारण दीड वर्षाच्या आसपास सुरू होतं. पॉल हॅरिस आणि रॉबर्ट कॅव्हनॉ यांनी १९९३ मध्ये दोन वर्षांच्या आगेमागे असलेल्या मुलांबरोबर असाच चहाचा खेळ मांडला. भांड्यात थेंबभर काही नाही, आणि एक खोडकर टेडी अस्वल 'चहा' सांडतं. मुलं सांगतात, ओलं झालं. पुसायला सांगितलं की बरोबर तिथेच पुसतात. म्हणजे नसलेला चहा कुठे सांडला याचा हिशोब डोक्यात पक्का असतो, आणि त्याच वेळी कप रिकामा आहे हेही माहीत असतं. प्यायला काही मिळालं नाही म्हणून कुणी भोकाड पसरत नाही.

याच्या सहा वर्षं आधी, १९८७ मध्ये, ॲलन लेस्ली यांनी एक साधा वाटणारा प्रश्न विचारला होता. आई केळं कानाला लावून "हॅलो" म्हणते. दोन वर्षांचं मूल नुकतंच शिकतंय, केळं म्हणजे काय, फोन म्हणजे काय. मग ते गोंधळत का नाही? 'केळ्यातून बोलतात' अशी त्याची समजूत का होत नाही? लेस्ली यांचं म्हणणं असं, की 'हा फोन आहे' हा विचार मेंदू जणू अवतरणचिन्हांत घालून बाजूला ठेवतो. केळ्याबद्दलच्या खऱ्या माहितीला तो धक्का लावत नाही. खेळ संपला की केळं सोलून खाता येतं. ती अवतरणचिन्हं म्हणजेच आपलं 'असते' आणि 'खोटं-खोटं', असं मला वाटतं.

याहून थेट प्रयोग हेन्री वेलमन आणि डेव्हिड एस्टिस यांचा, १९८६ सालचा. एका मुलाकडे बिस्किट आहे, दुसरा बिस्किटाचा नुसता विचार करतोय. कुणाचं बिस्किट हातात धरता येईल? कुणाचं मित्राला दाखवता येईल? तीन वर्षांच्या बहुतेक मुलांनी बरोबर उत्तरं दिली. मी हा प्रयोग आमच्या बालवाडीत मारीचं बिस्किट घेऊन करून बघितला होता. एका पठ्ठ्याने विचारातलं बिस्किट का खाता येत नाही याचं कारण दिलं, "ते डोक्यात आहे ना, तोंड खाली आहे."

झाँ पियाजे या थोर बालमानसशास्त्रज्ञाचं मत वेगळं होतं. १९२० च्या दशकात त्यांनी मुलांना विचारलं, स्वप्न कुठे असतं? विचार कशाने करतोस? लहान मुलं म्हणाली, स्वप्न खोलीत असतं, विचार तोंडाने करतात. त्यावरून त्यांनी ठरवलं की मनातलं आणि बाहेरचं वेगळं करणं मुलांना बराच काळ जमत नाही. पियाजेंबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते, प्रश्नच अवघड होते. स्वप्न कुठे असतं, हे मला तरी कुठे नीट सांगता येतंय? सोपे, हातात धरण्यासारखे प्रश्न विचारले, तेव्हा मुलं बरीच शहाणी निघाली.

मग वाघाच्या मुखवट्याचं काय, असं कुणी आई विचारेल. तिच्याआधी मीच विचारते, कारण तो गुन्हा माझ्या हातून घडलेला आहे. एकदा मी वर्गात वाघाचा पुठ्ठ्याचा मुखवटा आणला. शहाणपणा करून सगळ्यांसमोर, सावकाश, "बघा हं, बाईच आहेत" असं म्हणत म्हणत घातला. पहिल्या ओळीतली तीन वर्षांची पोर किंचाळली, फ्रॉक ओला झाला, आणि पुढचे चार दिवस ती शाळेत आली नाही. मुखवटा काढून दाखवला तरी ती माझ्या हनुवटीखाली बघत होती, अजून काही आहे का म्हणून. तिच्या आईला काय सांगावं ते मला कळेना.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की रेटा डीव्राइज यांनी १९६९ मध्ये नेमका हाच खेळ एका मांजराशी केला होता. मांजराचं नाव मेनार्ड, स्वभावाने गरीब. मुलांनी आधी त्याला कुरवाळलं. मग त्याचं तोंड आडोशाआड नेऊन त्यावर खवळलेल्या कुत्र्याचा मुखवटा चढवला. मागचं अंग आणि शेपूट मुलांना सगळा वेळ दिसत होतं. तरीही तीन वर्षांच्या अनेक मुलांना तो आता कुत्राच झाला असं वाटलं. सहा वर्षांची मुलं हसली. मांजर ते मांजरच.

हे वरच्या चहाशी विसंगत वाटेल, पण तसं नाही. चहाच्या खेळात सोंग मूल स्वतः घेतं, दोरी त्याच्या हातात असते. मुखवट्यात सोंग दुसऱ्याने घेतलेलं असतं, आणि डोळे जे सांगतायत त्याच्या विरुद्ध डोक्याने धरून ठेवायचं असतं. हे दुसरं काम कठीण आहे. जॉन फ्लॅव्हेल आणि सहकाऱ्यांनी दगडासारखा दिसणारा स्पंज मुलांच्या हातात दिला. दाबून बघितल्यावर तो स्पंज आहे हे कळलं. पण "दिसतो कसा आणि आहे काय" असे दोन प्रश्न विचारले की तीन वर्षांची बरीचशी मुलं दोन्हींना एकच उत्तर देतात. एकाच वस्तूला दोन उत्तरं असू शकतात, हे चार-पाचच्या दरम्यान बसतं. टीव्हीचंही त्यांनी बघितलं, १९९० मध्ये. पडद्यावर पॉपकॉर्नचा वाडगा आहे, टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडतील? तीन वर्षांची मुलं 'हो' म्हणण्याकडे झुकतात, चार वर्षांची म्हणतात, काहीतरीच काय!

आपल्याकडे हे शिक्षण सणावारी आपोआप मिळतं. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर बोहाडा होतो. रात्रभर मुखवटे लावून देवदैत्यांची सोंगं नाचतात, आणि आईच्या कुशीत तोंड लपवून एका डोळ्याने बघणारी पोरं तिथे असतातच. तीच पोरं सकाळी मुखवटा उतरवलेल्या काकाला चहा पिताना बघतात. जुन्या नाशकात धुळवडीला वीर निघतात, तेव्हा छोट्यांनाही देवांचा वेश करतात. मोरपीस खोवलेला कृष्ण गर्दीतच आईचा पदर ओढून "शू लागली" म्हणतो, तेव्हा बघणाऱ्या बाकीच्या मुलांना जे कळतं ते समजावून सांगायला मला अर्धा तास लागला असता.

आता अंधार. इथे मोठी माणसं हमखास चूक करतात. "भूत-बित काही नसतं" असं सांगून दिवा बंद करतात. मूल म्हणतं, "मला माहितीये नसतं," आणि तरी रडतं. आपल्याला वाटतं नाटक करतंय.

हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दोन रिकामी खोकी दाखवली. एकात ससा आहे किंवा राक्षस आहे अशी नुसती कल्पना करायला सांगितली. खरंच आहे का असं विचारल्यावर मुलांनी स्पष्ट सांगितलं, नाही, खोटं-खोटं. मग बाई म्हणाल्या, मी दोन मिनिटांत येते. राक्षसाच्या खेळातली काही चार वर्षांची मुलं म्हणाली, जाऊ नका. जी मुलं खोलीत एकटी राहिली, त्यांचं लक्ष त्याच खोक्याकडे, हात त्याच खोक्याला. ज्ञान पक्कं होतं. पण मनात एक 'पण समजा...' शिरलं होतं, आणि चित्र इतकं स्पष्ट डोळ्यांपुढे होतं की ते 'समजा' हाकलता येईना.

हसू नका, आपलंही तेच आहे. पॉल रोझिन यांनी १९८६ मध्ये मोठ्या माणसांसमोर एकाच पुड्यातली साखर दोन बाटल्यांत ओतली. एकीवर 'साखर' आणि दुसरीवर 'सोडियम सायनाइड' ही चिठ्ठी त्यांनाच आपल्या हाताने लावायला सांगितली. नंतर दुसऱ्या बाटलीतल्या साखरेचं पाणी प्यायला लोक कचरले. चिठ्ठी स्वतः चिकटवलेली असूनही. लांब कशाला जा. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघांचीही कामं अण्णा साळुंके या एकाच माणसाने केली होती. तरी पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायांतले जोडे काढून ठेवत, असं सांगतात. त्या लोकांना पडदा आणि देव यांतला फरक कळत नव्हता असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. दोन्ही कळत होतं, आणि हात जोड्यांकडे गेला.

म्हणून अंधाराला घाबरलेल्या मुलाशी 'आहे की नाही' यावर वाद घालू नये. नाहीये, हे ते तुमच्याइतकंच जाणतं. पलंगाखाली टॉर्च मारून एकदा दोघांनी मिळून बघावं, आणि मग चित्र बदलावं. राक्षसाला सर्दी झाली, सारखा शिंकतोय, रुमाल सापडत नाहीये. ज्या डोक्याने चित्र काढलं त्याच डोक्याला ते खोडता येतं. 'राक्षस मारायचा स्प्रे' म्हणून पाण्याची बाटली देतात काही जण. मला ते फारसं पटत नाही. तिथे आपण गंभीर चेहऱ्याने मान्य करतो की मारण्यासारखं काही आहे.

गंभीर चेहरा. या सगळ्या विषयाचं मूळ तिथे आहे, असं माझं मत आहे. मूल स्वतःच्या कल्पनेला फार कमी वेळा फसतं. ते आपल्या चेहऱ्यावर विश्वास ठेवतं, आणि ठेवावाच लागतो. पृथ्वी गोल आहे हे त्याने कुठे बघितलंय? पणजोबांना कुठे बघितलंय? जंतू कुठे दिसलेत? न दिसणाऱ्या गोष्टींची अख्खी यादी आपण त्याच्या हातात देतो. त्यात जंतू असतात, बागुलबुवा असतो, पडलेला दात नेणारा उंदीर असतो, पिंपळावरचा मुंजा असतो. यातलं काय खरं हे डोळ्यांनी ठरवायची सोयच नाही.

मग मूल काय करतं? आपण कसं बोलतो ते ऐकतं. हॅरिस आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या एका अभ्यासात असं दिसलं की मुलं जंतू आणि दातांची परी (तिकडे पडलेला दात उंदराऐवजी ती नेते) दोन्ही आहेत म्हणतात, पण जंतूंबद्दल त्यांची खात्री जास्त असते. जंतू काही जास्त दिसतात असं नाही. फरक बोलण्यात आहे. "हात धू, जंतू असतात" असं आपण सहज म्हणून जातो. "माझा जंतूंवर विश्वास आहे बरं का" असं कुणी म्हणत नाही. 'मानतात', 'म्हणे', 'विश्वास आहे' हे शब्द आले की मूल कान टवकारतं. आपल्या 'म्हणे'ला तर तोड नाही. "त्या वाड्यात मुंजा आहे" आणि "त्या वाड्यात मुंजा आहे म्हणे", या दोन वाक्यांत सांगणाऱ्याने आपली जबाबदारी झटकली की नाही, हे दोन अक्षरांत कळतं.

जॅकलिन वूली आणि जेनिफर व्हॅन रीट यांनीही २००६ मध्येच मुलांना कधी न ऐकलेल्या वस्तूंची नावं बनवून सांगितली. एखादं नाव डॉक्टरांच्या किंवा शास्त्रज्ञांच्या संदर्भात आलं, तर चार वर्षांपासून पुढची मुलं ती वस्तू खरी असावी असं धरतात. तेच नाव परी-ड्रॅगनच्या शेजारी आलं की खोटी असावी म्हणतात. वूली यांचाच त्याआधीचा, २००४ सालचा एक अभ्यास जरा अस्वस्थ करणारा आहे. त्यांनी 'खाऊवाली चेटकीण' नावाचं नवंकोरं पात्र तयार केलं. हॅलोविनच्या रात्री येऊन मिठाई नेते आणि बदल्यात खेळणं ठेवते. काही घरी पालकांनी खरोखर अदलाबदल केली. ज्यांच्याकडे ती 'येऊन गेली', त्यांच्यातल्या मोठ्या मुलांचा विश्वास वाढला. मोठ्या, हे लक्षात घ्या. कारण मोठी मुलं पुरावा तपासायला शिकलेली होती, आणि उशाशी खेळणं होतं! आपणच पुरावा बनवून ठेवला तर तर्क चांगला असणारं मूल आधी फसणार.

गंमत म्हणजे मुलं भोळी असतात हा समज दुसऱ्या बाजूनेही खोटा पडतो. ॲण्ड्र्यू श्टुलमन आणि सुझन केरी यांनी २००७ मध्ये मुलांना विचारलं, हे होऊ शकतं का? काही गोष्टी अशक्य होत्या, काही फक्त विचित्र होत्या, म्हणजे कांद्याचा रस पिणं किंवा पलंगाखाली मगर सापडणं. चार वर्षांच्या मुलांनी दोन्हींना सरसकट 'होऊच शकत नाही' म्हटलं. ऐकलेलं-पाहिलेलं नाही, म्हणजे नाहीच. आमच्याकडे मगर नाही, बिबट्या आहे. गंगापूर रोडकडच्या कॉलनीत बिबट्या शिरला, तेव्हा नातू ठामपणे म्हणाला, "बिबट्या जंगलात असतो. शहरात येतच नाही." बातमी दाखवली तरी त्याला ती कार्टून वाटली. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीचंही तेच झालं. गोदेला पूर आला की पाणी मारुतीच्या कुठपर्यंत चढलं यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. कधी मारुती अख्खा बुडतो, असं मी सांगितल्यावर "काहीही हं आजी!" पण मारुतीने सूर्य गिळायला उडी मारली होती, यावर त्याची काही हरकत नव्हती. ती गोष्टीतली ना. तिथले नियम वेगळे.

तिथले नियम वेगळे आहेत हे तर मुलं इतकं काटेकोर पाळतात की मला नवल वाटतं. डीना स्कोल्निक आणि पॉल ब्लूम यांनी २००६ मध्ये दाखवलं की मुलांच्या लेखी बॅटमॅनला त्याचा साथीदार रॉबिन खरा असतो, पण दुसऱ्या कार्टूनमधला स्पंजबॉब खोटा असतो. प्रत्येक गोष्टीचं जग स्वतंत्र. मी नातवाला विचारलं, चिऊताईच्या घरी भोपळ्यातली म्हातारी जाईल का रे पाहुणी? तो म्हणाला, "नाही. ती दुसऱ्या गोष्टीत असते."

दिसत नसलेल्या मैत्रिणीला ताट वाढायला लावणाऱ्या मुलीबद्दलही इथेच सांगून टाकते. मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांना २००४ मध्ये असं आढळलं की सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सोबती असतो. जिवंत मानलेलं खेळणंही त्यात धरलं आहे. टेलर आत्मीयतेने त्या सोबत्याबद्दल प्रश्न विचारत, टिपणं घेत, आणि मधेच एखादं मूल त्यांना हळूच सांगे, हे खरं नाहीये हं, तुम्हाला माहितीये ना? म्हणजे काळजी मुलालाच, की या बाईंना फरक कळतोय ना.

शाळेत हत्ती आला होता, याचं कारण मात्र वेगळं, आणि ते जपून हाताळायला हवं. ऐकलेलं, मनात चितारलेलं आणि खरंच घडलेलं यांच्या आठवणी मनात जवळजवळ ठेवलेल्या असतात. 'ही कुठून आली' याची चिठ्ठी लहान वयात सहज गळून पडते. स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मुलांना आठवड्यांमागून आठवडे तोच प्रश्न विचारला. तुझं बोट उंदराच्या सापळ्यात अडकलं होतं का, आठवून बघ. कधीही न घडलेली ही गोष्ट काही मुलं शेवटी बारीकसारीक तपशिलांसकट सांगू लागली. कुठे अडकलं, कोण धावलं, दवाखान्यात कोणी नेलं. ती खोटं बोलत नव्हती. म्हणून मुलाला काही झालंय का अशी शंका आली, तर "त्याने मारलं ना? खरं सांग, मारलं ना?" असं पुन्हापुन्हा विचारू नये. "काय झालं, सांग" म्हणावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं अवघड आहे, मला ठाऊक आहे.

फोनने या सगळ्यात एक नवा पेच आणलाय. 'चित्रासारखं दिसतं ते खोटं, फोटोसारखं दिसतं ते खरं', ही मुलांची हाताशी असलेली खूण होती. ती आता चालत नाही. बिबट्याचाच एक व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, पार्किंगमध्ये ऐटीत फिरतोय. दोन आजोबांनी संध्याकाळचं फिरणं रद्द केलं. नंतर कळलं, बनवलेला होता. ज्या नातवाला खरी बातमी पटली नव्हती, त्याला हा मात्र पटला, कारण यात आमच्यासारखंच पार्किंग होतं. इथे त्याला मदत करायची तर "हा कोणी पाठवला, त्याला कसं कळलं?" हा प्रश्न मोठ्याने, त्याच्यासमोर, आधी आपण विचारायला लागतो. आजोबा लोकांना हे सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

शूर्पणखेचं उत्तर द्यायचं राहिलंच. त्या दिवशी तपोवनात मी त्याला म्हटलं, "फार फार जुनी गोष्ट आहे राजा. आजीने बघितलेली नाही. माझ्या आजीने मला सांगितली. ती इथेच घडली असं लोक मानतात." त्याने 'मानतात' ऐकलं, हे मला त्याच्या भुवयांवरून कळलं. मग त्याने विचारलं, "आणि तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला वाटतं, गोष्टीत तिला फार दुखलं." यावर तो रिक्षात बसेपर्यंत काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतून आवाज येत होता. डोकावले. सुनेची जुनी बाहुली पाटावर झोपवलेली, चेहरा पांढऱ्या पट्टीत पूर्ण गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. "ही शूर्पणखा असते," तो म्हणाला. "मी डॉक्टर असतो. हिचं नाक परत येणार असतं." मी दारातच थबकलेली बघून त्याने खेळ थांबवला आणि आवाज बारीक केला. "खोटं-खोटं आहे हं आजी."

पट्टी मात्र खरी होती. माझ्या गुडघ्याची क्रेप बँडेज, कात्रीने मधोमध कापलेली.